यंदा होळगी की केसरीभात

आदल्या दिवशी

भीमाचार्यांनी फोनवर दोनदा विचारलं, "होळगीच ना, अम्मा? नक्की?"

"नक्की," शाल्मली म्हणाली. "आणि तूप सढळ हातानं."

पलीकडे भीमाचार्य एकदम फुलले. "सरी अम्मा, सरी! तुपाचं तुम्ही बघूच नका!"

काय लाघवी आचारी आहे, असं शाल्मलीला वाटलं. तिनं फोन ठेवला आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तिथे उद्याच्या सभेसाठी तिनं केलेलं सादरीकरण उघडं होतं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: यंदा डिव्हिडंड नको.

तुंगा स्प्रिंग्स ही तिच्या सासरची कंपनी. कारखाना होसकोट्याला, भागधारक सगळे घरचे, आणि संचालकांची वार्षिक सभा येलहंक्याच्या घरी, जेवणाच्या टेबलाभोवती. सभा संपली की बाहेरच्या मांडवात सगळ्या भागधारकांची पंगत. दरवर्षी मेनू सासूबाई ठरवत. यंदा श्यामलाबाई लेकीच्या बाळंतपणाला म्हैसूरला, म्हणून ते काम शाल्मलीकडे आलं. पुण्याची मुलगी, व्हाइटफील्डची आयटीतली नोकरी सोडून एप्रिलमध्ये कंपनीची अर्थसंचालक झालेली. तिनं सरळ विचार केला. वाईट बातमी द्यायची आहे, तर निदान जेवण तरी झकास असावं. पुरणपोळीची ही इकडची बहीण, होळगी, या घरात सगळ्यांचा जीव की प्राण. होळगी खाऊन कोण भांडेल?

त्यानंतरच्या तासाभरात

भीमाचार्यांनी बायकोला सांगितलं.

बायकोनं मल्लेश्वरमला शाल्मलीच्या आत्तेसासूबाई वसुमती अक्कांना सांगितलं.

अक्कांनी दोन मैत्रिणींना सांगितलं आणि तिघींच्या नॉर्वेच्या सहलीचा ॲडव्हान्स भरून टाकला.

जयनगरच्या चुलत घरानं सोफा बदलायचं ठरवलं.

बसवनगुडीच्या घरानं नुसतं "अय्यो!" म्हटलं. पण आनंदानं.

जे शाल्मलीला कोणी सांगितलं नव्हतं

सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं.

कंपनी काढली तिच्या आजेसासऱ्यांनी. ते डिव्हिडंड किती द्यायचा हे सभेआधी बायकोशी बोलून ठरवत, आणि बायको त्या बेतानं गोड करायला घेई. कोणी काही जाहीर करत नसे. पानात पायस, म्हणजे खीर, पडलं की समजायचं, मागच्या वर्षाइतकाच. होळगी पडली की वाढला. आणि केसरीभात, म्हणजे आपला केशरी शिरा, पडला की काहीच नाही; तो फक्त एकदा पडला होता. मंदीच्या त्या सालाला घरात अजून 'केसरीभाताचं वर्ष' म्हणतात, तेही आवाज खाली करून.

आकडा नंतर कागदावर यायचा. पण आकडा वाचतो कोण? पंगत वाचायचे. वर्षानुवर्षं पंगत कधी खोटी पडली नव्हती. त्यामुळेच बहुधा पायस फार वेळा व्हायचं. एकदा होळगी केली की पुढच्या साली खाली उतरणं जड जातं, हे आजेसासूबाईंना कोणत्याही कॉलेजात न जाता कळलं होतं. होळगी त्या तेव्हाच करत जेव्हा पुढची वर्षंही तशीच जातील याची खात्री असे.

भट्टी

होसकोट्याच्या कारखान्यात मागच्या भिंतीपाशी फरशीवर खडूनं आखलेला एक चौकोन आहे. तो शाल्मलीनं आखला. टेपचं दुसरं टोक फोरमन जयसिंगरावांनी धरलं होतं.

तिथे भट्टी यायची होती. स्प्रिंग वळून झाली की तिला भट्टीत तापवून कडक करावं लागतं. तुंगाचा माल त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत जायचा आणि यायचा तेव्हा यायचा. विजेच्या स्कूटर बनवणारं एक मोठं गिऱ्हाईक शाल्मलीनं तीन महिने मागे लागून गळाला लावलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच: भट्टी तुमच्या छपराखाली असेल तर ऑर्डर तुमची. नसेल तर होसूरमध्ये दुसरा एक कारखाना आहे. या शुक्रवारपर्यंत कळवा.

यंदा नफा चांगला झाला होता. कागदावर. पैसा मात्र अर्धा गिऱ्हाइकांकडे अडकलेला आणि अर्धा गोदामात तारेच्या वेटोळ्यांच्या रूपात झोपलेला. बँक म्हणाली, आधी तुमचा वाटा घाला, मग आमचा. हाताशी होतं त्यात एकच गोष्ट बसत होती. भट्टी, नाहीतर डिव्हिडंड.

हे तिनं सासऱ्यांना, म्हणजे गुंडो अण्णांना, सांगितलंही होतं. अण्णा कंपनीचे अध्यक्ष. ते "बघू" म्हणाले होते. अण्णांचं 'बघू' म्हणजे होही नव्हे, नाहीही नव्हे. भट्टी झाली तर शाल्मली या कंपनीत कोणीतरी होती. नाही झाली तर चेकवर सही करणारी सूनबाई.

सभा

टेबलाभोवती अण्णा, त्यांची बहीण वसुमती अक्का, शाल्मली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर अमेरिकेतला पुतण्या निहार. हे चार संचालक. कोपऱ्यात कंपनी सेक्रेटरी शंतनु इतिवृत्त लिहायला. दाराला टेकून शाल्मलीचा नवरा कार्तिक. तो उत्पादन बघतो, संचालक नाही, पण स्वयंपाकघर त्याच बाजूला असल्यानं दार सोडत नव्हता.

तव्यावरून वास येत होता. अण्णा प्रसन्न. अक्का रेशमी साडीत.

"शाल्मली, मी तुला ओळखायला चुकले," अक्का म्हणाल्या. "मला वाटलं होतं पुण्याची आहेस, हात आखडता घेशील."

शाल्मलीला याचा अर्थ लागला नाही. तिनं हसून सादरीकरण सुरू केलं. स्कूटरवाले, भट्टी, बँक. अण्णा मान डोलवत होते. शेवटचं पान आलं.

अण्णांची मान मध्येच थांबली.

"डिव्हिडंड नको म्हणजे? वाढीव नको?"

"अजिबातच नको, अण्णा. यंदा सगळा नफा कंपनीतच ठेवायचा."

"मग होळगी कशाला केलीस?"

"जेवायला," शाल्मली म्हणाली.

कोणी हसलं नाही. कार्तिकनं कपाळावर हात मारला. "अगं, तू सांगितलीस होळगी? मला वाटलं अण्णांनी सांगितली!"

"मी?" अण्णा उसळले. "मला भीमाचार्यांकडून कळलं! मला वाटलं, हिनं दोन्ही बसवलंय, भट्टीही आणि डिव्हिडंडही. मनात म्हटलं, शाब्बास. काल संध्याकाळी गाडी बुक करून आलो."

"तुमच्याच कंपनीचा डिव्हिडंड तुम्हाला आचाऱ्याकडून कळतो?" शाल्मलीनं विचारलं.

"दरवर्षी," अण्णा म्हणाले. "तुझी सासू मला कुठे सांगते?"

मग तिला सगळं सांगितलं गेलं. पायस, होळगी, आणि आवाज खाली करून केसरीभात. ऐकता ऐकता तिचे कान तापले. खिडकीतून मांडव दिसत होता. जयनगरचं घर येऊन बसलं होतं, बसवनगुडीचं गाडी लावत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद तिनं स्वतः वाटलेला होता.

*इतिवृत्तात: अर्थसंचालकांनी कंपनीच्या आर्थिक स्थितीची माहिती दिली. त्यावर चर्चा झाली.*

"माझं म्हणाल तर मला नकोच डिव्हिडंड," निहार पडद्यावरून म्हणाला. "तिकडे टीडीएस कापतात, इकडे पुन्हा दाखवायचा. कंपनीतच राहू दे, शेअरची किंमत वाढेल."

"किंमत वाढून काय करू? येलहंक्याच्या बाजारात विकू?" अक्का म्हणाल्या. "आपले शेअर घरच्याशिवाय घेतो कोण? तुला नको म्हणून मला नको?"

"पण अक्का, भट्टी आली तर दोन वर्षांत..."

"दोन वर्षांत सूर्य मंदावेल." अक्का कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. "ते उत्तरेकडचे दिवे, ध्रुवीय प्रकाश, बघायला मी नॉर्वेला निघालेय. सूर्य सध्या जोरात आहे म्हणून आत्ता. तुमच्या भट्टीसाठी त्याला थांबवता येत नाही मला."

"मग सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत ठरवू की," अण्णा म्हणाले. कटकट पुढे ढकलायला त्यांना नेहमीच आवडे. "तिथे सगळे भागधारक असतात. त्यांना हवा तर तेच वाढवतील."

शंतनुनं घसा खाकरला. "तसं होत नाही, सर. संचालकांनी सुचवला त्यापेक्षा भागधारक कमी करू शकतात. जास्त नाही. आज इथे शून्य, तर तिथेही शून्य."

"म्हणजे आजच," अक्का म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर्गातही त्या असंच करत असाव्यात. "तर ऐका. गुंडो, तुला कंपनीतून पगार आहे, वर नफ्यावर कमिशन आहे. कार्तिकला आहे. शाल्मलीला आहे. नफा राहिला काय, वाटला काय, तुमच्या घरात येतच राहतो. मी कारखान्यात येत नाही. मला वर्षातून एकदा येतो तो डिव्हिडंड. तुम्ही म्हणता कंपनीसाठी त्याग करा. त्याग करणारी मी एकटीच दिसतेय या टेबलावर."

बाहेर एअर फोर्सचं विमान गेलं. येलहंक्यात विमान जाताना बोलणं थांबवायची सगळ्यांना सवय असते, ते गेल्यावर सगळ्यांनी शाल्मलीकडे पाहिलं.

शाल्मलीच्या जवळ उत्तर होतं. आलेखासकट होतं. परताव्याचा दर, तीन वर्षांचा अंदाज, सगळं. पण त्यातलं एकही अक्कांच्या म्हणण्याला लागू पडत नव्हतं. अक्का चूक असत्या तर किती बरं झालं असतं.

तिनं लॅपटॉप मिटला. निहारही त्याबरोबर मिटला. तिनं घाईघाईनं पुन्हा उघडला.

"अक्का, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "यंदा डिव्हिडंड नाही, तर कमिशनही नाही. अण्णांचं नाही, कार्तिकचं नाही, माझं नाही. पगार तेवढा. ज्या वर्षी भागधारकांना काही नाही, त्या वर्षी आम्हालाही वर काही नाही."

"ए!" दारातून कार्तिक.

"तू संचालक नाहीस," शंतनु त्याला हळूच म्हणाला.

"गाडी बुक केलीय गं मी," अण्णा म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"रद्द होते, अण्णा."

"रंगसुद्धा ठरवलाय."

अक्का आधी गालात हसल्या. मग त्यांना आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. अण्णा बहिणीकडे बघून म्हणाले, "कुठला रंग विचार तरी!"

"कुठला?"

"शेंदरी."

"या वयात! बरं झालं भट्टी आली ते." अक्कांनी डोळे पुसले. "शंतनु, लिही. माझी हरकत नाही. नॉर्वेसाठी मी एफडी मोडते. पण गिऱ्हाइकांचे पैसे आले की वर्षाची वाट बघायची नाही. संक्रांतीला मधला डिव्हिडंड."

"अंतरिम. पण तो आत्ता ठरवता येत नाही, मॅडम. त्या वेळी खात्यात काय आहे बघून..."

"मग 'विचार करण्यात येईल' असं लिही. आणि कंसात संक्रांत."

"कंसात नाही लिहीत, मॅडम."

*इतिवृत्तात: विस्ताराची गरज लक्षात घेता संचालक मंडळाने लाभांशाची शिफारस केली नाही. कार्यकारी संचालक व अधिकाऱ्यांनी या वर्षीचे कमिशन स्वेच्छेने सोडले. अंतरिम लाभांशाचा विचार योग्य वेळी करण्यात येईल.*

"स्वेच्छेने," अण्णा म्हणाले. "वा."

मांडवात जाण्यापूर्वी

राहता राहिली होळगी.

"मी बाहेर जाऊन सांगते ना," शाल्मली म्हणाली. "चूक माझी आहे. माफी मागते, होळगी वाढते, विषय संपला."

"विषय सुरू होईल," अण्णा म्हणाले. "सांगितलेलं आपल्याकडे कोणी ऐकत नाही. वाढलेलं ऐकतात."

"आणि पानात होळगी पडूनही डिव्हिडंड आला नाही," अक्का म्हणाल्या, "तर पुढल्या वर्षी तुझ्या पायसावर कोण विश्वास ठेवील? होळगी खोटी पडता कामा नये. ती बाहेर जायचीच नाही."

शाल्मली स्वयंपाकघरात गेली. भीमाचार्य तव्यापुढे घामानं निथळत होते. मोठाले दोन डबे भरून झाले होते, तिसरा अर्ध्यावर होता, आणि सगळ्यावर तूप असं की बघूनच पट्टा सैल करावा.

"आचार्य, तवा उतरवा."

भीमाचार्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे, जे तिच्या मागून दारात येऊन उभे होते. अण्णांनी मान खाली घातली. भीमाचार्यांना कळलं. त्यांनी काहीही न विचारता गॅस बंद केला आणि रव्याच्या डब्याकडे हात नेला.

"केसरीभातच ना?" ते कुजबुजले.

पंगत

शाल्मलीनं माफीचं भाषण मनात तयार केलं होतं. मराठीत, मध्ये दोन कन्नड वाक्यं. ते तिनं केलंच नाही.

कोशिंबीर झाली, चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, झालं, आणि मग वाढप्यानं पहिल्या पानावर केशरी मूद टाकली. ओळीत बोलणं थांबत गेलं, जसा एकेक दिवा मालवावा. जयनगरच्या काकूंनी मुदीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. काका हळूच म्हणाले, "जुना सोफा चांगलाच आहे की." बसवनगुडीचं घर पुन्हा "अय्यो" म्हणालं.

मग अण्णा येऊन पंगतीत बसले. ते नेहमी शेवटी, आत जेवत. आज त्यांनी सर्वांदेखत केसरीभात मागून घेतला. आणि पुन्हा मागून घेतला. शेजारी अक्का बसल्या, त्यांनीही घेतला.

"अण्णांनासुद्धा केसरीभात?" कोणीतरी विचारलं.

"यंदा सगळ्यांनाच," अक्का म्हणाल्या. "स्वल्प तूप वाढा रे इकडे."

तेवढं पुरलं. हात पुन्हा चालू लागले. कोणी विचारलं नाही, किती, का, कधी. एका आजोबांनी तेवढं म्हटलं, मागच्या केसरीभातानंतर दोन वर्षांनी सलग होळग्या आल्या होत्या. आणि रवा छान भाजलाय.

होसकोटे

डबे मात्र तसेच होते. घरात ठेवले असते तर संध्याकाळपर्यंत वास बसवनगुडीला पोचला असता. शाल्मलीनं ते गाडीत टाकले आणि कार्तिकला घेऊन बुदिगेरेच्या रस्त्यानं होसकोट्याला निघाली. रविवारची पाळी चालू होती. नफा कंपनीत ठेवायचा, तर होळगीही कंपनीतच जाऊ दे, असं तिनं कार्तिकला सांगितलं. कार्तिक कमिशनच्या दुःखात होता. त्यानं एक होळगी काढून घेतली आणि मग बरं वाटतंय म्हणाला.

यंत्रं थांबली. माणसं हात धुऊन मागच्या भिंतीपाशी फरशीवर बसली, वर्तमानपत्राच्या कागदावर होळग्या आल्या. खडूच्या चौकोनात मात्र कोणी बसलं नाही. त्याच्या चारी बाजूंनी ओळी धरल्या आणि मधली जागा मोकळी सोडली, जणू तिथलं पान कोणाचं तरी राखून ठेवलं आहे.

"भट्टी येतेय, जयसिंगराव," शाल्मली म्हणाली. "उद्या सकाळी कळवते त्यांना."

"कळलं की, अम्मा." जयसिंगरावांनी दुसरी होळगी घडी घालून तोंडात टाकली. ते तीस वर्षं या कंपनीत होते. मालकांच्या घरच्या पंगतीची गोष्ट त्यांना कार्तिकपेक्षा जास्त ठाऊक होती. "आणि यंदा आम्हालाही होळगी." त्यांनी ओळीकडे वळून आवाज चढवला. "ऐकलं का रे? दसऱ्याच्या आयुधपूजेचा बोनस वाढीव आहे!"

फरशीवर टाळ्या पडल्या. तुपाच्या हातांच्या, चपचप वाजणाऱ्या.

शाल्मली बाहेर ट्रकांच्या मागे गेली आणि तिनं अण्णांना फोन लावला.

"अण्णा, होसकोट्याला होळगीचा अर्थ काय होतो?"

पलीकडून सावकाश प्रश्न आला, "तू वाढलीस?"

"सगळ्यांना."

"तुपासकट?"

"तुपासकट."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "मग आता पायसावर येता यायचं नाही. आमच्या कमिशनचे वाचलेत त्यातून बोनस बसतोय का बघ. आयुधपूजेआधी एक सभा लाव."

"लावते."

"आणि शाल्मली..."

"हो, अण्णा?"

"त्या सभेला फक्त चहा. बिस्किटसुद्धा ठेवू नकोस."